ट्रंकेतलं कापड
(परळ येथे शिवणगटातील बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी पलंगाखाली एक ट्रंक आहे. गिरणी कामगारांच्या घरांच्या अर्जासाठी कागद शोधताना ती उघडली जाते. पीएफची पावती सापडते न सापडते, पण तळाशी कापडाचा तुकडा हमखास निघतो. लालबागच्या आपल्या एका ताईंकडे असंच अडीच मीटर पॉपलिन निघालं. सासऱ्यांनी गिरणीतून आणलेलं, संपाच्या आधीचं. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. म्हणजे कापड चाळीस वर्षांहून जुनं.

त्याचं काय शिवायचं, यावर गटात चर्चा झाली. नातवाला झबली, पुतणीला परकर, उशांना अभ्रे. ताईंना काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तेव्हा बराच वेळ हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खिसा असलेला कुर्ता."

जुनं कापड लगेच कात्रीखाली घेऊ नका. उजेडासमोर धरा, घडीच्या रेषेवर सूत विरलेलं दिसतं. उभं-आडवं हलकं ताणून पाहा. खळ असलेल्या कापडाला कसर लागते, तीही तपासा. मग रात्रभर पाण्यात भिजवा. खळ सुटते आणि आटायचं ते आधीच आटतं. बेतताना घडीची रेष छातीवर येऊ देऊ नका, कापून जाणाऱ्या भागात ढकला. सुई बारीक घ्या, टाका मात्र थोडा लांब. दाट टाक्यांनी जुनं सूत भोकाभोकांनी फाटतं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'कुटुंबाचं अर्थकारण' होतं. त्यात ही ट्रंक नव्हती! आणि हे कापड फक्त पुरुषांनी केलं असंही समजू नका. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एकपंचमांश कामगार बायका होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत आणि बहुतेकींना कामाच्या मापावर मजुरी मिळे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. पण पुढे यंत्रं बदलत गेली, खाती आटली आणि सर्वांत आधी बायका कमी झाल्या. संपानंतर घर चालवायला कितीतरी जणींनी खानावळी धरल्या, शिवणयंत्रं धरली. आजही तुम्ही नगावरच शिवता. दोरा तुमचा, विजेचं बिल तुमचं, उसवून परत आला तर तो नगही तुमचाच.

ताईंचा कुर्ता दोन दुपारींत झाला. उरलेल्या पट्टीतून खिसा निघाला, चांगला वीतभर खोल. घरात विचारणा झाली, "खिशात ठेवणार काय?" ताईंनी उत्तर दिलं नाही.

येत्या शनिवारी आपापले तुकडे घेऊन या. आधी स्वतःचं माप घ्यायचं, झबली नंतर. आणि येताना या महिन्यात किती नग शिवले, दर काय मिळाला, दोऱ्यावर किती गेले, हे वहीत लिहून आणा. व्यापाऱ्याकडे दर वाढवून मागायला सगळ्यांनी मिळून जायचं आहे.