बायबलाच्या वेशीवरचे ग्रंथ



कॅथलिक घरातले बायबल आणि प्रोटेस्टंट घरातले बायबल शेजारी ठेवून अनुक्रमणिका पाहिली, तर पहिल्यात 73 ग्रंथ भरतात आणि दुसऱ्यात 66. नव्या कराराच्या 27 ग्रंथांविषयी दोघांत वाद नाही. वाद आहे तो जुन्या करारातील सात ग्रंथांचा: तोबित, युदिथ, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ. एस्तेर व दानीएल यांतील काही भागही वादात आहेत. कॅथलिक त्यांना प्रमाण मानतात, प्रोटेस्टंट त्यांना ‘अपोक्रिफा’ म्हणतात. मी साहित्याचा अध्यापक आहे. कोणाचे बायबल खरे, हा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण ग्रंथ प्रमाण ठरतो कसा, आणि न ठरल्यास त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न साहित्याचाही आहे.

वादाचे मूळ भाषेत आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून ज्यू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींच्या हाती मुख्यतः हीच ग्रीक परंपरा होती आणि तीत हे ग्रंथ होते. ज्यूंनी पुढे जो हिब्रू संग्रह प्रमाण मानला, त्यात ते नव्हते. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतराला बसलेल्या जेरोमने हिब्रू मूळ हीच कसोटी धरली. हे ग्रंथ बोधासाठी वाचावेत, सिद्धान्तासाठी आधार म्हणून घेऊ नयेत, असे त्याचे मत. त्याचा समकालीन ऑगस्टीन म्हणे की, मंडळी जे पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली ते प्रमाणच आहे. हिप्पो (393) आणि कार्थेज (397) येथील धर्मसभांनी ऑगस्टीनची बाजू उचलली. मूळ संहिता मोठी की वाचणाऱ्यांची वहिवाट मोठी, हा तंटा तेव्हापासूनचा आहे.

हा केवळ पंडितांचा वाद असता, तर घराघरांत पोहोचला नसता. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, असा प्रसंग आहे. मृतांसाठी प्रार्थना करावी, या कॅथलिक आचाराला यातून आधार मिळतो. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या समाजाला या प्रश्नाचे वजन समजावून सांगायला नको. गेलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्याला काही करता येते की नाही? 1519 मध्ये लाइपझिगच्या वादसभेत योहान एक यांनी हाच उतारा मार्टिन ल्यूथरपुढे ठेवला, तेव्हा हा ग्रंथ प्रमाणांत येत नाही, असे ल्यूथरने उत्तर दिले. तरीही 1534 च्या आपल्या जर्मन बायबलात त्याने हे ग्रंथ वगळले नाहीत. दोन करारांच्या मध्ये त्यांना स्वतंत्र जागा दिली आणि हे पवित्र शास्त्राच्या बरोबरीचे नाहीत, पण वाचण्यास उपयुक्त व चांगले आहेत, असे नमूद केले. याउलट ट्रेंटच्या धर्मसभेने 8 एप्रिल 1546 रोजी त्यांना पूर्ण प्रमाण ठरवले.

मराठीत ख्रिस्ती साहित्य आले ते या दोन्ही वाटांनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. ती ट्रेंटनंतरची कॅथलिक वाट. बायबलाचे मराठी भाषांतर मात्र प्रोटेस्टंटांनी हाती घेतले. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील सेरामपूरहून 1811 मध्ये नवा करार काढला. 1813 मध्ये मुंबईत बायबल सोसायटीची शाखा निघाली. पुढे लंडनच्या मूळ सोसायटीत अपोक्रिफावरून मोठे भांडण झाले. वर्गणीदारांचा पैसा या ग्रंथांच्या छपाईवर खर्चू नये, असा स्कॉटलंडच्या मंडळींचा आग्रह होता आणि 1826 मध्ये सोसायटीने तो मान्य केला. तेव्हापासून सोसायटीच्या पैशाने निघणाऱ्या बायबलात या ग्रंथांना जागा उरली नाही. आपल्या जवळच्या नागपुरात 1845 मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप हेही स्कॉटिश मिशनचेच. मराठी वाचकाच्या हाती कोणते बायबल पडावे, हे अशा रीतीने छपाईच्या हिशेबानेही ठरले.

वगळलेले ग्रंथ निरुपयोगी होते काय? मक्काबींच्या ग्रंथांत ज्या अंतियोखस राजाचा जुलूम वर्णिला आहे, त्याच काळात आपले पूर्वज निघाले आणि अलिबागजवळ नवगावला त्यांचे गलबत फुटले, असे कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल परंपरेने सांगतात. ज्यूंनीही हे ग्रंथ प्रमाण मानले नाहीत. पण त्यांतल्या विजयाचा हनुक्का सण ते पाळतात. ‘थोमाची कृत्ये’ हा ग्रंथ तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांच्याही बायबलाबाहेर राहिला. त्यात थोमा भारतात गोंडोफरनेस राजाकडे येतो. या राजाची नाणी सापडल्याने तो खरोखर होऊन गेला, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. कथा त्याने सिद्ध होत नाही, पण तो ग्रंथ कोणी जपलाच नसता तर हा धागाही हाती आला नसता. आणि बेनसिराच्या ग्रंथाचे हिब्रू पाठ 1896 पासून कैरोच्या जुन्या कागदांत मिळू लागले. तोबिताची हिब्रू व अरामी पाने मृत समुद्राकाठच्या गुहेत मिळाली. जेरोमच्या कसोटीवरच हा वाद पुन्हा उघडला गेला. 1968 मध्ये बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त भाषांतरांसाठी तत्त्वे ठरवली, तेव्हा हे ग्रंथ नव्या कराराआधी वेगळ्या विभागात छापण्याची सोय झाली. म्हणजे ल्यूथरच्या मधल्या जागेकडे फिरून येणे झाले.

आपल्याकडे अशी मधली जागा होती का? शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत आपली ओवी कोणी घालू नये, असे बजावले. ते आवश्यकच होते. येथून फार दूर नसलेल्या रिद्धपूरच्या महानुभावांनी दुसरी रीत ठेवली. लीळाचरित्राच्या हस्तलिखितांत ‘शोध’ आणि ‘वासना’ अशा नावांनी निरनिराळे पाठ संहितेतच नोंदलेले आढळतात. एक पाठ स्वीकारताना दुसरा पुसून टाकायचा नाही, असा हा नेम.

आपल्या भागासाठी मला एवढेच सुचवायचे आहे. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आता जिल्ह्याचे म्हणून मराठी संग्रह निघतील. जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळांच्या वह्या, नाममुद्रा तुकोबांची पण गाथेत न सापडणारे अभंग गोळा होतील. हिंदी मिसळलेली कवने तर असतीलच. संपादकाला त्यांतले काही अप्रमाण वाटेल आणि तसे स्पष्ट म्हणण्याचा त्याला हक्क आहे. पण ते फेकू नये. ग्रंथाच्या शेवटी वेगळा विभाग करावा, कोणत्या गावी, कोणाच्या वहीत मिळाले ते लिहावे, आणि शंका का वाटते तेही लिहावे. निवाडा पुढच्यांना बदलता येईल, पण त्यासाठी मजकूर शिल्लक राहिला पाहिजे.