खिडकी माझी, भिंत सोसायटीची

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभेत लाखोंचे हिशेब चहा येण्याआधी मंजूर होतात आणि उरलेली संध्याकाळ ग्रिलवर जाते. कुणी खिडकीबाहेर फूटभर पुढे आलेलं बॉक्स ग्रिल ठोकलेलं असतं, कुणी बाल्कनीला काचा लावून तिची खोली केलेली असते, कुणाच्या एसीचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकत असतं. मग सेक्रेटरीची नोटीस निघते: इमारतीचे बाह्य स्वरूप बिघडवल्याबद्दल खुलासा करावा. सभासदाचं उत्तरही ठरलेलं असतं. "आधी चेअरमनसाहेबांचं काढा, मग माझ्याकडे या."

बॉक्स ग्रिल जवळून पाहिलं की भांडणाचं मूळ कळतं. तुळशीची कुंडी, उन्हाला ठेवलेली लोणच्याची बरणी, रद्दीचा गठ्ठा आणि मोडकी सायकल, असा अर्धा संसार त्या फूटभर जागेत मावतो. उपनगरातल्या जागेचे भाव पाहता हा मोह कुणालाही सुटायचा नाही. पण ते सगळं वजन पेलतात भिंतीत ठोकलेले बोल्ट. चार पावसाळ्यांत बोल्ट गंजतात, भोकांतून पाणी मुरतं, काँक्रीटमधली सळई गंजून फुगते आणि प्लास्टरचे पोपडे सुटतात. ओल मात्र शेजारच्याच्या बेडरूममध्ये उतरते. आदर्श उपविधींनुसार घराच्या आतली दुरुस्ती सभासदाने करायची आणि बाहेरच्या भिंतीची सोसायटीने, म्हणजे सगळ्यांच्या वर्गणीतून. एकाच्या ग्रिलचा खर्च असा सगळ्या इमारतीच्या डोक्यावर बसतो. शिवाय आग लागली तर खिडकीतून सुटकेची वाट या ग्रिलनेच अडते, हे अग्निशमन दलाचे जवान वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

परवानगी ही निव्वळ कागदी कटकट वाटत असेल, तर घाटकोपर आठवावं. 25 जुलै 2017 रोजी तिथल्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ग्रिल आणि खांब यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे खरंच. तरीही 'माझ्या घरात मी काहीही करीन' हे वाक्य तेव्हापासून मुंबईत जरा दबकूनच बोलावं लागतं.

बाल्कनीचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं, कारण तिथे महापालिकाही येते. बिल्डरांनी फुलझाडांचे कट्टे आणि कोनाडे चटईक्षेत्रातून सूट घेऊन बांधायचे आणि ते खोल्यांना जोडून विकायचे, असा धंदा मुंबईत कैक वर्षं चालला. जानेवारी 2012 मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलली, ही सूट गेली आणि त्याऐवजी निवासी इमारतींना 35 टक्के जादा, म्हणजे 'फंजिबल', चटईक्षेत्र मिळू लागलं. त्याआधीच्या इमारतींत आजही असा कट्टा आत घेतलेला दिसतो, आणि घेणाऱ्याला आपण काही चुकीचं केलं असं वाटतच नाही. त्याने तो पैसे मोजून घेतलेला असतो.

मात्र कमिटीचा शब्द म्हणजे कायदा नव्हे, आणि इथे बऱ्याच कमिट्या घसरतात. बांधकामात फेरफार करायचा तर सभासदाला सोसायटीची लेखी परवानगी लागते, जिथे लागेल तिथे महापालिकेचीही. पण ग्रिलचा आकार, शेडचा रंग, एसीची जागा हे नियम सर्वसाधारण सभेच्या ठरावात असायला हवेत. सेक्रेटरीच्या व्हॉट्सॲप मेसेजचा तिथे उपयोग नाही. दंड करायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं ऐकून घेणं आणि मग सभेचा निर्णय. 2014 च्या आदर्श उपविधींत या दंडाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे. वॉचमनला कटर देऊन कुणाचं ग्रिल कापायला पाठवणं यात कुठेच बसत नाही.

सभासदाच्या बाजूने पहिलं काम म्हणजे सेक्रेटरीकडे लेखी अर्ज देऊन पोच घेणं आणि ठरावाची प्रत मागणं. ठरावच सापडला नाही, तर निम्मा वाद तिथेच निकाली निघतो. ठराव असेल आणि बोट एकाच घराकडे दाखवलं जात असेल, तर इतर ग्रिलचे फोटो जोडावेत. अर्थात दुसऱ्याचं बेकायदा ग्रिल दाखवून आपलं कायदेशीर होत नाही. रागाने मेंटेनन्स थांबवणं हा सगळ्यांत महागडा निषेध. व्याज चढतं आणि नाव थकबाकीदारांत जातं. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर कमिटीला विशेष सभा बोलवावीच लागते.

तिथेही जमलं नाही की दारं वेगवेगळी. अनधिकृत बांधकामाची तक्रार महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात: अंधेरी पश्चिमेला के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी, घाटकोपरला एन. सोसायटी कागदपत्रं दाखवत नसेल, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. आणि ठरावालाच आव्हान द्यायचं असेल, तर 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात. कैक अर्ज चुकीच्या दारात जातात आणि 'हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही' असा शेरा घेऊन परत येतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यातलं काही नवं वाटणार नाही. तिथल्या घरमालकांच्या संघटना कुंपणाचा रंग आणि हिरवळीची उंचीसुद्धा ठरवतात. घरावर देशाचा झेंडा लावण्याचा हक्क त्यांच्यापासून वाचवायला 2006 मध्ये तिथल्या संसदेला कायदा करावा लागला! त्या मानाने आपल्याकडचे सेक्रेटरीकाका मवाळच म्हणायचे.

समजूतदार सोसायट्या हा विषय बाहेरच्या रंगकामाच्या आधी काढतात. सभेत एकच नकाशा मंजूर करायचा: ग्रिल खिडकीच्या चौकटीच्या आत, एक झडप आतून उघडणारी, रंग सगळीकडे एकच. इमारतीला परांची लागलेली असतानाच जुने बॉक्स उतरवायचे, बोल्टची भोकं बुजवायची आणि वरून रंग द्यायचा. सगळ्यांचं काम एकाच कंत्राटदाराकडे गेलं की दरही घासाघीस करून खाली आणता येतो. परांची उतरल्यावर मात्र तेच काम दोरीला लोंबकळत करावं लागतं, आणि त्याचं जादा बिल कुणी भरायचं यावर पुन्हा सभा भरते.