अर्थनियोजनाचा व्यवसाय आणि आपली भीड
(ज्ञातीच्या तरुण मेळाव्यातील भाषण)



अर्थनियोजनाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांच्या अंगी कोणते गुण असावेत, याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. गणित चांगले असले की झाले, असा पुष्कळांचा समज दिसतो. गणित हवेच, पण ते फार अवघड नाही. महागाई वर्षास ६ टक्के धरली, तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज ज्या घरास दरमहा ४०,००० रुपये लागतात, त्यास २४ वर्षांनी १,६०,००० लागतील. हा हिशेब शाळकरी मुलगाही मांडील. तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या गळी उतरविणे, हे खरे काम.

त्याहून कठीण गोष्ट ऐकून घेण्याची. पैशाविषयी आपली माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत. धाकट्या भावास दिलेली हातउसनी रक्कम, कोणास न सांगता काढलेले कर्ज, या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतात. शिवाय गृहिणीस बैठकीत बसविल्यावाचून अर्धा हिशेब कळतच नाही. पतीच्या पश्चात विम्याचे कागद कोठे आहेत, खात्यावर नामनिर्देशन कोणाचे आहे, हे ठाऊक नसलेल्या भगिनी आपल्यात थोड्या नाहीत.

आणि नाही म्हणण्याचे धैर्य! भीड भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. तरी भाच्याने आणला म्हणून विमा आणि व्याह्यांनी सांगितले म्हणून ठेव, हा आपला क्रम सुटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदारास अवघे १,००० रुपये काढता येत होते. ठेवींवरील विमा त्या वेळी १ लाखाचा होता. २०२० मध्ये तो ५ लाखांचा झाला. ओळखीची बँक म्हणून सारी पुंजी एके ठिकाणी ठेवणाऱ्यास वेळीच अडविणारा मनुष्य घरोघरी हवा.

असा मनुष्य दलालीवर जगणारा असून चालत नाही. 'सेबी'ने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. त्यांनुसार नोंदणी करावी लागते, परीक्षा द्याव्या लागतात, आणि ज्या अशिलाकडून सल्ल्याची फी घ्यावयाची त्यालाच योजना विकून दलाली घेता येत नाही. नियम उत्तम आहे. अडचण आहे ती आपल्या स्वभावाची. वैद्यास आणि वकिलास आम्ही मुकाट्याने फी देतो, सल्लागाराने ती मागितली की "अरे, तू तर घरचाच मुलगा!" असे म्हणून पाठ थोपटतो. त्यामुळे पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात, हे आईबापांनी आधीच ध्यानी घ्यावे. तोवर मुलाने एखाद्या सनदी लेखापालाच्या कचेरीत उमेदवारी करावी. आयकराची विवरणपत्रे भरता भरता तेथे घरोघरचे जमाखर्च नजरेखालून जातात.