क्लब चालतो कागदावर

(चेन्नईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘फुटबॉल आणि सामाजिक परिवर्तन’ असा विषय दिला होता. तो मोठा विषय आहे आणि त्यावर बोलणारी मोठी माणसं आहेत. मी फुटबॉलपटू नाही. नागपूरचा आहे, रेल्वेच्या नोकरीमुळे इथे पेरांबूरला आलो. गेली नऊ वर्षं व्यासरपाडीच्या बाजूच्या एका छोट्या क्लबात दर रविवारी आणि जमेल तेव्हा आठवड्यात एखाद्या संध्याकाळी काम करतो. खेळवत नाही, शिकवतही नाही. फॉर्म भरतो. म्हणून परिवर्तनाऐवजी फॉर्मविषयी बोलतो.

तुमच्यापैकी बरेच जण ओएमआरच्या बाजूला राहता. उत्तर चेन्नई तुम्ही सिनेमात पाहिली असेल. पा. रंजित यांचा २०१४ चा ‘मद्रास’ आठवत असेल, एका भिंतीवरून पेटलेलं राजकारण आणि त्यात फुटबॉल खेळणारी पोरं. ती वस्ती म्हणजे व्यासरपाडी. बिन्नी मिल इथून जवळच, बकिंगहॅम अँड कर्नाटिक. १९२१ च्या संपात पुलियंतोपमधल्या दलित कामगारांच्या झोपड्या जळाल्या त्या याच पट्ट्यात. मिल गेली, वस्ती राहिली. बाबासाहेबांच्या नावाचं सरकारी कला महाविद्यालयही इथेच आहे. पावसाळ्यात गणेशपुरमचा सबवे भरला की आम्ही उरलेल्या शहरापासून तुटतो, तेही दरवर्षी ठरलेलंच.

याच व्यासरपाडीला लोक ‘छोटं ब्राझील’ म्हणतात. एन. उमापती आणि एन. तंगराज यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी मुल्लै नगरच्या मैदानावर वस्तीतल्या मुलांना गोळा करायला सुरुवात केली, संस्था काढली, खेळासोबत संध्याकाळचा अभ्यासवर्ग जोडला. मैदान हवं असेल तर शाळा सोडायची नाही, असा तो हिशेब. व्यासरपाडीचाच धनपाल गणेश चेन्नईयिनकडून खेळला, भारताकडूनही खेळला. त्याचं नाव घेतलं की आमच्या पोरांची पाठ सरळ होते.

पण मी ज्या क्लबात आहे तो इतका मोठा नाही. साठ-पासष्ट मुलं, अठरा-वीस मुली, तीन चेंडू बरे आणि चार कसेबसे. बूट दोन वयोगटांत फिरतात. सकाळी चौदा वर्षांखालचे घालतात, दुपारी त्यांचे मोठे भाऊ, आणि ज्याचा पाय मोठा त्याचा अंगठा बाहेर. माझ्यासारखे अकरा जण विनामोबदला काम करतात. फक्की मारणं, जाळी बांधणं, पाण्याचे कॅन आणणं, मॅच संपल्यावर केळी आणि उकडलेली अंडी वाटणं, हे कोणीही करतं. पंचाचे पैसे, स्पर्धेची फी, रिक्षाचं भाडं वर्गणीतून निघतं. रडतखडत निघतं, पण निघतं.

अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

चेन्नई फुटबॉल असोसिएशनची लीग आहे. खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात करून वर जायचं. वरच्या पायरीवर कोण असतं? बँका, रेल्वे, इन्कम टॅक्स, पोलीस, अशा ऑफिसांचे संघ. म्हणजे आमचा मुलगा वर पोचला तर त्याला नुसता कप मिळत नाही, स्पोर्ट्स कोट्यातून पगार मिळू शकतो. वस्तीतल्या आईबापांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून सकाळी पाच वाजता धुण्याभांड्याला निघालेली बाई मुलाला उठवून मैदानावर सोडून जाते. (जाता जाता सांगतो, स्पोर्ट्स कोट्यातून आलेल्याला कोणी ‘मेरिट’ विचारत नाही. विचारतात फक्त तुम्हाला आणि मला.)

आता त्या लीगमध्ये मुलाला उतरवायचं तर त्याची फेडरेशनकडे ऑनलाइन नोंदणी लागते. त्याला जन्माचा दाखला लागतो. आणि तिथे क्लब अडकतो.

तमिळ नावं तुम्हाला माहीत आहेत. आडनाव नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग स्वतःचं नाव. १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातीची आडनावं टाकून द्यायचं ठरलं, पेरियारांनी स्वतःचं ‘नायकर’ टाकलं. आपल्याकडे अजूनही आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. इथे शंभर वर्षांपूर्वी लोकांनी त्यावर घाव घातला, याचं मला फार अप्रूप आहे. पण कॉम्प्युटरला ते कळत नाही. त्याला आडनावाचा रकाना भरलेला हवा. एका कागदावर ‘एस. कार्तिक’, दुसऱ्यावर ‘कार्तिक एस.’, तिसऱ्यावर वडिलांचं पूर्ण नाव जोडलेलं. तिघेही एकच पोरगा, पण पोर्टलला तीन वाटतात. त्यात शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे टाकलेली जन्मतारीख वेगळी आणि दवाखान्याची वेगळी. एका मुलाच्या दाखल्यासाठी आम्ही सात चकरा मारल्या. सहा चकरांत त्याची आई एकटीच जात होती. सातव्या वेळी आमच्यातली एक एम.कॉम. झालेली मुलगी सोबत गेली, इंग्रजीत अर्ज लिहून नेला, अर्जाची पोच मागितली. चौथ्या दिवशी दाखला हातात. त्या आईला सहा वेळा काय सांगितलं होतं? ‘उद्या या.’

तुम्ही ‘झुंड’ पाहिला असेल, नागराज मंजुळेंचा, २०२२ चा. बच्चन, झोपडपट्टी, फुटबॉल एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. मला त्यातली रिंकू राजगुरू आठवते. ती आणि तिचा बाप पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा गोळा करत फिरतात. पोरगी खेळते उत्तम, पण ती ‘आहे’ हे सिद्ध होत नाही. काही समीक्षकांना तो भाग रेंगाळलेला वाटला. मला तो सिनेमाचा कणा वाटतो. आमच्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये पावसात प्लास्टिकची बादली लाथाडणारी पोरं पाहिली, त्यांना चेंडू दिला, आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. चेंडू देणारा दिसतो. त्यानंतर वर्षानुवर्षं दाखले, परवानग्या, पावत्या करणारी माणसं दिसत नाहीत. सिनेमा त्यांच्यावर निघत नाही आणि निघूही नये, फार कंटाळवाणा होईल.

‘स्लम’ शब्दाचंही बोलतो. नागपूरच्या संस्थेच्या नावात तो आहे, व्यासरपाडीतल्या संस्थेच्या नावातही आहे. मला तो आवडत नाही. पण ज्यांनी घेतला त्यांना मी नावं ठेवणार नाही. देणगीदाराचं पाकीट कोणत्या शब्दावर उघडतं हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. आमच्याकडे एकदा एका कंपनीचे लोक आले, टी-शर्ट वाटले, मुलांना अनवाणी उभं राहून फोटो द्यायला सांगितलं. बूट होते, काढायला लावले. आमच्या मुलींच्या कप्तानाने बूट काढले नाहीत. फोटोत ती एकटी बूट घातलेली आहे. तो फोटो त्या कंपनीने कुठे छापला नाही, आमच्या खोलीत मात्र लावलेला आहे.

आडनाव गेलं तरी जात जायला इतकी सोपी नाही. इथे ती पत्त्यात जाऊन बसली आहे. आमचा एक मुलगा पदवी घेऊन मुलाखतीला गेला. सगळं ठीक चाललं होतं. ‘राहता कुठे?’ ‘व्यासरपाडी.’ पुढचे प्रश्न पोलीस स्टेशन आणि भांडणांविषयी. आता तो अर्जावर मावशीचा अण्णा नगरचा पत्ता लिहितो. मी त्याला काही बोललो नाही.

आता मैदानाचं सांगतो, कारण मैदान गेलं तर कागदांना अर्थ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नई महापालिकेने ठराव केला की शहरातली नऊ कृत्रिम गवताची फुटबॉल मैदानं खाजगी ठेकेदाराला चालवायला द्यायची, खेळायचं तर माणशी तासाला १२० रुपये. हिशेब करा. वीस मुलं, एक तास, २,४०० रुपये. आठवड्यातले पाच दिवस धरले तर १२,००० रुपये. आमची महिन्याची सगळी वर्गणी तेवढी होत नाही. विरोध झाला, पक्ष बोलले, खेळाडू बोलले, आणि काही दिवसांत ठराव मागे घेतला गेला. त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. बातमी आली त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्यांचा पाऊस होता. मैदानावर ज्यांच्या घामाचा हक्क आहे ते सगळे चिडलेले होते. पण ठराव नेमका काय आहे, नगरसेवकाला पत्र कसं लिहायचं, कोणाकोणाला प्रत पाठवायची, हे करायला बसले चौघं. चारही पदवीधर, चौघांच्याही घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. रात्री दीडपर्यंत तमिळ आणि इंग्रजीत पत्र तयार झालं. आमच्या पत्राने ठराव मागे गेला असं मी म्हणणार नाही, आम्ही कोण? पण उद्या पुन्हा असा ठराव आला तर ते पत्र फाईलला तयार आहे.

आपल्याकडे पळवणकर बाळूंचं उदाहरण आहे. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायची, नेटमध्ये त्यांना तासन् तास चेंडू टाकायचे. १९११ मध्ये इंग्लंडला गेले आणि दौरा गाजवला. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडून. मैदान झाडण्याची आणि चेंडू टाकण्याची आपल्याला कधीच बंदी नव्हती. बंदी होती संघनिवडीच्या कागदावर सही करण्याची. म्हणून क्लबाचा सचिव, खजिनदार, बँकेतली सही ही पदं मला गोलकीपरइतकीच महत्त्वाची वाटतात. तमिळनाडूच्या १९७५ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी असेल तर दरवर्षी हिशेब आणि पदाधिकाऱ्यांची यादी द्यावी लागते. ती चुकली की संस्था हळूहळू कागदावर मरते आणि मग कोणीतरी ‘वजनदार’ माणूस येतो, ‘मी सांभाळतो’ म्हणतो, बॅनरवर स्वतःचा फोटो लावतो. आजूबाजूचे किमान दोन क्लब असे गेलेले मी पाहिले.

आता अवघड भाग. आग्र्याचं १९५६ चं भाषण तुम्हाला माहीत आहे, कांशीराम साहेबांचं ‘पे बॅक’ही माहीत आहे. दर १४ एप्रिलला ते ऐकवलं जातं आणि पोरं मान खाली घालून बसतात. मला ती पद्धत पटत नाही. पहिला पगार घेणाऱ्या मुलाच्या डोक्यावर बहिणीचं लग्न, बापाचं औषध, शिक्षणाचं कर्ज असतं. ‘स्वयंसेवा’ हा शब्द मुळात ज्यांचा रविवार रिकामा असतो त्यांचा आहे. आमच्या पोरांचा रविवार लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून जातो, कारण तिथे रोख मिळतात. त्यांना ‘तू समाजासाठी वेळ देत नाहीस’ म्हणणं हा अन्याय आहे. आमचा सगळ्यात चांगला कोच दोन वर्षांपूर्वी गेला, दुसऱ्या एका शाळेने पगार दिला म्हणून. मी त्याला मिठाई नेऊन दिली.

पण मग क्लब चालवायचा कोणी? अकरांपैकी चौघं आता ओएमआरवर राहतात, तुमच्याच शेजारी. तिथून व्यासरपाडीला रोज येणं शक्य नाही. दोन कुटुंबं पेरुंबाक्कमला हलवली गेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांची तीन मुलं आमच्या बचावफळीत होती. त्यातला एक अजून रविवारी येतो, दोन बस बदलून. त्याचं बसभाडं क्लब देतो, यावर आमच्याकडे वाद झाला होता. एक ज्येष्ठ अण्णा म्हणाले, एकाला दिलं की सगळे मागतील. मागू देत, असं ठरलं. अजून कोणी मागितलेलं नाही.

मग आम्ही काम दोन भागांत तोडलं. मैदानावरचं काम, जे जवळ राहतात त्यांचं. कागदाचं काम, जे दूर राहतात पण ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांचं. प्रत्येकाच्या वाट्याला दहा मुलं. त्यांचे दाखले, नोंदणी, शाळेची पत्रं, शिष्यवृत्तीच्या तारखा. महिन्याला तीन-चार तास लागतात, त्याहून जास्त नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा या दहा-दहाच्या याद्याच उपयोगी पडल्या. कोणाच्या घरी कोण आहे, तान्हं बाळ कुठे, फोन कोणाचा लागतो, हे त्या चौघांनी ओएमआरवर बसून जुळवलं आणि पाण्यात चालणाऱ्यांना सांगितलं. पाण्यात गेलेल्या कागदांच्या स्कॅन प्रतीही त्यांच्याकडेच होत्या.

मुलींच्या संघासाठी मात्र अंतरावरून चालत नाही. तिथे बाई प्रत्यक्ष लागते. मैदानाला कपडे बदलायची जागा नाही, संध्याकाळी सहानंतर आईबाप सोडत नाहीत, बाहेरगावच्या मॅचला सोबत बाई नसेल तर विषयच संपतो. मागच्या हंगामात दोन मॅच न खेळता गेल्या, केवळ सोबत जायला कोणी अक्का नव्हती म्हणून. आज इथे बसलेल्यांपैकी पेरांबूर, कोळत्तूर, माधवरमकडे कोणी राहत असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. तमिळ येत नसेल तरी चालेल. मला अजूनही धड येत नाही, पोरं माझ्या तमिळला हसतात, आणि ‘जय भीम’ दोन्हीकडे सारखंच आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत मी सचिवपद सोडतोय. माझी बदली कधीही होऊ शकते, आणि बाहेरून आलेल्या माणसाने नऊ वर्षं सही करणं पुरे झालं. ती दाखल्यासाठी गेलेली एम.कॉम.ची मुलगी पद घेणार आहे. तिने एकच अट घातली: बँकेत तिच्यासोबत दुसरी सही मुलींच्या संघातल्या एखाद्या खेळाडूच्या आईची हवी. त्या बाईंना सही करता येते, इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खर्चाचा कागद आता तमिळमध्येही काढायचा आहे. जुने तीन वर्षांचे हिशेब तमिळमध्ये उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि त्यासाठी मला माझ्याहून बरी तमिळ येणारा कोणीतरी हवा आहे.