जड उचललं तर काय होतं?

मैत्रिणी हमखास विचारतात, ‘जड वजन उचललं तर अंग पुरुषी होईल ना गं?’ बाविशीत मलाही तीच धास्ती होती. वर्षभर २ किलोची डंबेल्स वीस-वीस वेळा उचलली. ताकद जिथल्या तिथं. अहो, सहज झेपतंय तर स्नायू बदलेल कशाला? हलक्या वजनानंही पार दमेपर्यंत केलं तर स्नायू वाढतो, पण कमाल ताकदीसाठी जडच लागतं.

मग स्क्वॉटला ६ ते ८ वेळांतच दमवेल असं वजन घेतलं. सुरुवातीची ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. कपड्यांची मापं तीच राहिली. बायकांत टेस्टोस्टेरॉनही पुरुषांपेक्षा फार कमी.

आज जवळपास ३० किलोचा भरलेला सिलिंडर मी एकटी उचलते. आधी पद्धत शिका, मग वजन वाढवा. भेटूच!