राखेची माती आणि डोंगरावरचे रान

(संस्थेच्या वार्षिक समारंभाच्या निमित्ताने पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान. व्याख्याते बी.ए., बी.एड. असून माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतात.)



आजचा माझा विषय माती हा आहे. मुलांना चार अक्षरे शिकवून पुढे नेण्याच्या समारंभात मातीचे काय, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. तो स्वाभाविक आहे. परंतु ज्यांची घरे डोंगराच्या कुशीत आहेत, त्यांच्या बाबतीत मातीचा स्वभाव ओळखणे हा परीक्षेतील गुणांपुरता प्रश्न राहत नाही, तो जीविताचा प्रश्न होतो. म्हणून थोडा वेळ माझ्याबरोबर दूरच्या एका देशातील डोंगरावर चला, अशी विनंती आहे.

तो देश जपान. तेथे ज्वालामुखी पुष्कळ आहेत आणि देशाचा सुमारे दोनतृतीयांश भाग जंगलाखाली आहे. ज्वालामुखीची राख हजारो वर्षे डोंगरांवर पडत राहिली, तिची माती झाली आणि त्या मातीवर रान वाढले. देशातील जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा अशा मातीचा आहे. इंडोनेशिया, न्यूझीलंड, इक्वेडोर, कोलंबिया या देशांतही ती आढळते. एकंदर पृथ्वीचा विचार केला तर तिने व्यापलेली जमीन शेकडा एकहूनही कमी आहे. पण तिचे गुण असे विलक्षण आहेत की शास्त्रज्ञांना तिच्यासाठी वेगळा वर्ग करावा लागला. १९४७ साली जपानात मातीची पाहणी करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांनी तिला ‘आन्दो’ हे नाव दिले. जपानी भाषेत ‘आन्’ म्हणजे गडद आणि ‘दो’ म्हणजे माती. पुढे १९९० मध्ये अमेरिकन वर्गीकरणात ‘आन्दिसोल’ या नावाने तिला स्वतंत्र स्थान मिळाले. जपानी शेतकरी मात्र तिला ‘कुरोबोकु’ म्हणतो. ‘कुरो’ म्हणजे काळी, आणि ‘बोकु’ हा शब्द तिच्या भुसभुशीतपणावरून आला असे सांगतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्वालामुखीची राख ही चुलीतील राखेसारखी काही जळून उरलेली वस्तू नव्हे. पृथ्वीच्या पोटातील वितळलेला खडक वायूंच्या जोराने फुटतो, त्याचा बारीक चुरा होतो आणि तो हवेत झटकन थंड होतो. त्यात बराचसा भाग काचेचा असतो. काच पाण्यात लवकर झिजते. त्यामुळे घट्ट खडकाची माती होण्यास जो काळ लागतो, त्यापेक्षा राखेची माती फार लवकर तयार होते.

आता आपल्या घरची गोष्ट पाहा. आपली काळी मातीसुद्धा अग्नीचेच लेकरू आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांचा बेसाल्ट खडक झाला आणि तो झिजून आपली कापसाची काळी जमीन बनली. परंतु आपल्याकडे मुख्यतः लाव्हा पसरला, तिकडे राख पडली. दोन्ही मात्या काळ्या, दोन्ही ज्वालामुखीच्या, तरी स्वभाव अगदी उलटे. आपली माती जड आणि चिकट. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. राखेची माती हलकी आणि पिंजलेल्या कापसासारखी मोकळी. आपल्या मातीचा काळेपणा पाहून तिच्यात पालापाचोळ्याचा कस भरपूर असेल असे वाटते, पण तसा अंश तिच्यात सहसा थोडाच असतो. जपानच्या मातीचा काळा रंग मात्र खरोखर कुजलेल्या गवतपाल्याचा असतो. त्यातही मौज अशी की जेथे पिढ्यान्पिढ्या गवताळ रान होते, तेथे ही माती काळीभोर झाली. जेथे दाट जंगल राहिले, तेथे तिचा रंग बहुधा तपकिरी राहिला. म्हणजे मातीच्या रंगावरून तेथे पूर्वी काय उगवत होते याचा अंदाज करता येतो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला करता येईल असा एक प्रयोग सांगतो. एक लिटरचा पत्र्याचा डबा शेतातील जमिनीत दाबून भरा, ती माती पूर्ण वाळवा आणि तोला. सामान्य शेतमातीचे वजन किलोहून थोडे अधिक भरेल. राखेच्या मातीचे वजन ९०० ग्रॅमपेक्षा कमी भरते, पुष्कळदा तर अर्ध्या किलोच्या आसपास. मग बाकीची जागा कोणी व्यापली? पोकळीने. तिच्या एका लिटरमध्ये बहुधा ७०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक जागा हवेची आणि पाण्याची असते.

याचे कारण तिच्या अतिसूक्ष्म कणांत आहे. राखेतील काच झपाट्याने झिजते तेव्हा त्यातून निघालेल्या द्रव्यांना नीट स्फटिक बनण्यास सवड मिळत नाही. त्यांचे पोकळ गोळे बनतात. त्यांना ‘ॲलोफेन’ म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांएवढा एका गोळ्याचा व्यास असतो. काही ठिकाणी गोळ्यांऐवजी बारीक नळ्या बनतात. त्यांचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ साली ‘इमोगो’ नावाच्या मातीत लावला, म्हणून त्यांचे नाव ‘इमोगोलाइट’. या गोळ्यांचा आणि नळ्यांचा आतबाहेरचा पृष्ठभाग मोजला तर एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर भरतो. चिमूटभर मातीत एवढे अंगण! त्या अंगणात पाणी ठाण मांडते, कुजलेला पालाही चिकटून बसतो आणि लवकर नष्ट होत नाही. म्हणूनच एवढ्या थोड्या जमिनीत जगातील मातीमधल्या एकूण कार्बनचा सुमारे ५ टक्के भाग साठलेला आहे, असे सांगितले जाते.

परंतु गुणांबरोबर दोषही येतात. हाच पृष्ठभाग स्फुरद इतका घट्ट धरून ठेवतो की पिकाला तो मिळत नाही. त्यामुळे दिसायला सुपीक अशी ही जमीन स्फुरदाची भरपूर खते मिळेपर्यंत जपानी शेतकऱ्याला नापीकच वाटे. जंगलाने मात्र यावर तोड काढली आहे. झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशा स्फुरद शोधून झाडाला देतात. झाड पाने गाळते, पाने कुजतात आणि तो ठेवा पुन्हा मुळांकडे येतो. हे चक्र तोडले, रान साफ केले, तर हाती काय येते? वरचा पाचोळा जातो, ऊन थेट मातीवर पडते. ही माती एकदा कडक वाळली की पूर्वीसारखे पाणी पुन्हा धरत नाही, तिचे रवे होतात आणि पावसात ते वाहून जातात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही माती ओलसर असताना बोटांत घेऊन दाबली तर आधी घट्ट लागते, आणि जरा चोळली की साबणासारखी बुळबुळीत होऊन तिच्यातून पाणी सुटते. पोटात पाणी घेऊन ती शांत बसलेली असते, पण धक्का बसला की तिचा धीर सुटतो. सपाटीवर याचे काही वाटत नाही. डोंगराच्या उतारावर मात्र हेच संकट होते.

तोकियोच्या दक्षिणेस सुमारे १२० किलोमीटरवर इझु ओशिमा नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. १९८६ साली तेथे उद्रेक झाला तेव्हा बेटावरील सुमारे दहा हजार माणसांना सुखरूप बाहेर काढण्यात आले होते. आगीपासून वाचलेल्या त्याच बेटावर १६ ऑक्टोबर २०१३ रोजी वादळी पावसाने घाला घातला. चोवीस तासांत ८२४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यावरून कल्पना करा. उतारावर रान होते. रानाखाली राखेच्या मातीचा पातळ थर होता आणि त्याखाली जुन्या लाव्हाचा कठीण खडक. वरचा थर पाण्याने तुडुंब झाला, खडकावरून घसरला आणि झाडांसकट वस्तीवर आला. ३६ माणसे मृत्युमुखी पडली, तिघांचा पत्ता लागला नाही. वस्तीला घरे सोडण्याचा आदेश वेळेवर मिळाला नव्हता.

दुसरी घटना उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे तेथे भूकंप झाला आणि अत्सुमा गावाच्या परिसरात हजारो ठिकाणी डोंगर खचले. तेथेही उतारावर जंगल होते. पण सुमारे ९,००० वर्षांपूर्वी पडलेल्या ज्वालामुखीच्या थराची खाली पाणी धरून बसलेली मऊ माती झाली होती. झाडांची मुळे तेथवर पोहोचत नव्हती. धक्का बसताच वरचा सगळा भार त्या थरावरून निसटला. भूकंपात चाळीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक याच दरडींखाली.

यावरून जंगल निरुपयोगी आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. जंगल पावसाचा मार झेलते, मुळांनी वरची माती बांधते आणि रोजच्या धुपीपासून डोंगर वाचवते. मात्र मुळांच्या खाली काय आहे, पाणी कोठे अडते, हे पाहिल्याशिवाय केवळ हिरवा डोंगर पाहून निर्धास्त राहता येत नाही, एवढाच बोध येथे घ्यायचा आहे.

आपल्या सह्याद्रीवर राखेची माती नाही. पण पाणी धरणारा सैल थर वर आणि कठीण खडक खाली, ही रचना आपल्याकडेही आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महाडजवळचे तळिये, २०२३ च्या जुलैत रायगडमधील इर्शाळवाडी. ही नावे तुम्ही ऐकलेली आहेत. काहींनी त्या वाटेने प्रवासही केला असेल.

म्हणून पालकहो, तुमचे घर किंवा आजोळ डोंगराखाली असेल तर पावसाळ्यात काही खुणा ध्यानात ठेवा. उतारावर किंवा अंगणात नवी भेग दिसणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, डोंगरातून दगड गडगडल्याचा आवाज येणे. यांपैकी काही दिसले तर सामानाचा मोह न धरता माणसे आणि गुरे हलवावीत आणि तहसील कार्यालयाला कळवावे. रात्र पडण्याची वाट पाहू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, या खुणा घरात सर्वप्रथम ओळखणारे तुम्हीच असले पाहिजे. तुमच्या आजी-आजोबांना शाळा मिळाली नसेल, पण त्यांना त्यांच्या डोंगराची माहिती आहे. त्यांना विचारा, पूर्वी पाणी कोठून वाहत होते, कोठली जागा खचली होती. ती माहिती वहीत उतरवा आणि पुस्तकाशी ताडून पाहा. मग भूगोल हा पाठांतराचा विषय राहणार नाही.

मातीचा जो गुण रानाला जगवतो, तोच गुण अतिवृष्टीत उताराला खाली ओढतो. हे ज्याला समजले तो डोंगराशी सावधपणे आणि सलोख्याने राहील. तेवढी समज आपल्या मुलामुलींना या संस्थेतून मिळावी, ही इच्छा व्यक्त करतो.