विज्ञान संशोधन आणि सामान्य माणूस

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे आणि कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा विज्ञानावर बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. परंतु आजचा विषयच असा आहे, की ज्यांना असा अधिकार नाही असे समजले जाते त्यांनी संशोधनात काय केले.

२००७ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात केविन शाविन्स्की नावाचा तरुण पीएच.डी.चे काम करीत होता. अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील एका दुर्बिणीने आकाशाची पद्धतशीर छायाचित्रे घेतली होती. त्यांत जवळजवळ नऊ लाख दीर्घिका होत्या. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह. काही दीर्घिका भोवऱ्याप्रमाणे सर्पिल असतात, काही लंबगोल. आकारावरून तिच्या पूर्वेतिहासाचा अंदाज येतो. सर्वसाधारणपणे निळी दिसते ती सर्पिल आणि तांबूस ती लंबगोल, असा ढोबळ नियम. पण शाविन्स्कीला नेमक्या नियमाबाहेरच्या, निळ्या लंबगोल दीर्घिका हव्या होत्या. रंगावरून निवड करणारा संगणक तेथे निरुपयोगी ठरला. तेव्हा तो स्वतःच एकेक चित्र पाहत बसला. एका आठवड्यात त्याने सुमारे ५०,००० चित्रे पाहिली आणि हात टेकले.

विद्यार्थी मित्रहो, संशोधन म्हटले की प्रयोगशाळेत एकाएकी सुचलेली कल्पना आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग हा असा असतो. पाहा, नोंद करा, पुन्हा पाहा. म्हणजे कारकुनीच! हा शब्द मी कमीपणाने वापरीत नाही.

शाविन्स्की आणि त्याचे सहकारी ख्रिस लिंटॉट यांनी मग ही चित्रे इंटरनेटवरून सर्वांसाठी खुली केली. जुलै २००७ मध्ये 'गॅलॅक्सी झू' हा प्रकल्प सुरू झाला. पदवीची अट नव्हती. गर्दी अशी उसळली की पहिल्याच दिवशी संगणक बंद पडला. तो पुन्हा सुरू झाल्यावर दिवस संपण्याच्या आत तासाला ७०,००० नोंदी येऊ लागल्या. वर्षभरात सुमारे दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक नोंदी केल्या.

येथे कोणी म्हणेल, नवशिक्यांच्या नोंदीवर भरवसा कसा ठेवायचा? आमच्या बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची अशी रीत आहे. तेथे तर एकेक दीर्घिका तीस-चाळीस जणांच्या नजरेखालून गेली. तरीही संशोधकांचे काम संपले नाही, उलट वाढले. त्यांतील एक गोष्ट मला फार आवडते. सर्पिल दीर्घिका डावीकडे फिरते की उजवीकडे, हेही लोकांनी नोंदवले होते. बेरीज केली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणाऱ्या दीर्घिका जास्त निघाल्या. हे खरे असते तर विश्वाच्या रचनेविषयीच्या समजुतीच बदलाव्या लागल्या असत्या. वर्तमानपत्रांत मथळे झळकले असते! पण या मंडळींनी आधी तीच चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून लोकांना दाखवली. उलट्या चित्रांतही 'काट्यांच्या उलट' हीच नोंद जास्त आली. म्हणजे दोष माणसाच्या नजरेत होता, आकाशात नव्हता. हे त्यांनी २००८ साली छापून प्रसिद्ध केले, आणि पुढे सर्व नोंदीही जगासाठी खुल्या केल्या.

त्याच २००७ सालच्या ऑगस्टमध्ये हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळेतील शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ एक विचित्र डाग दिसला. 'हे काय आहे?' एवढेच तिने विचारले. संशोधकांनाही ते ठाऊक नव्हते. तपास झाला तेव्हा कळले, की तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातील, आता मंदावलेल्या, प्रखर प्रकाशाने तो अजून उजळलेला आहे. २००९ च्या शोधनिबंधावर लेखकांमध्ये हॅनीचे नाव आहे.

आता एक कटू प्रश्न. हे सारे लोक फुकट राबले. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची वेठ केलेली आहे. म्हणून विनामोबदला श्रमाची गोष्ट निघाली की मी तरी सावध होतो. ही वेठ आहे काय? माझे मत असे, की ज्याने काम केले त्याला त्या कामाचे पुढे काय झाले हे समजत असेल, त्याच्या शंकेला उत्तर मिळत असेल आणि केव्हाही उठून जाण्याची मोकळीक असेल, तर ती वेठ नव्हे. गॅलॅक्सी झूने सहभागी लोकांची नावेही प्रसिद्ध केली. पण ती यादी वेगळ्या पानावर असते; शोधनिबंधाच्या माथ्यावर बहुधा प्राध्यापकांचीच नावे असतात. शिवाय ज्याच्या घरी संगणक आहे, इंग्रजी आहे आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे आहेत, त्यालाच हे दार उघडे. ही उणीव मान्य केलीच पाहिजे. आता हे काम संगणकच करील, असेही म्हणतात. करील, पण आकार ओळखायला त्याला शिकवले ते याच लोकांच्या नोंदींवरून.

आपल्याकडचे उदाहरणही दूर नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ३० मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला आपल्यापैकी काहीजण तेथे गेलेही असतील. या दुर्बिणीची माहिती वापरून डॉ. आनंद होता यांनी (होता हे ओडिया आडनाव, क्रियापद नव्हे!) २०१३ साली 'रॅड ॲट होम' हा उपक्रम सुरू केला. बी.एस्सी. किंवा बी.ई. झालेल्या कोणालाही त्यात शिकता येते, शुल्क नाही. मुलांना शिबिरात बसवून रेडिओ-चित्र कसे वाचायचे ते शिकवायचे, त्यांनी काढलेल्या शंभर गोष्टींतून खरी एक वेचायची, हे या उपक्रमाचे काम. एका दीर्घिकेतून निघालेला झोत तिच्यात विलीन होत असलेल्या शेजारणीवर आदळतो आहे, हा त्यांचा शोध २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची खात्री करण्याच्या कामी खोडदची दुर्बीण उपयोगी पडली.

आपल्या वस्तीत बी.एस्सी. होऊन बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरणारी मुले-मुली मला रोज भेटतात. परीक्षा द्यावी, नोकरीही धरावी. पण मंडळाच्या अभ्यासिकेतील संगणक रविवारी दुपारी बंद असतो. तो दोन ते पाच चालू ठेवावा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. बी.ए.वाल्यांसाठी गॅलॅक्सी झू आहेच. इंग्रजी सूचना मराठीत सांगायला मी बसेन.